विहिरीतून काय किती निघतंय, हे कसं ओळखावं

बडोद्याच्या मराठी घरांतली बरीच मुलंमुली केमिकल, मेकॅनिकल किंवा भूगर्भशास्त्र शिकून तेलक्षेत्राच्या वाटेला लागतात. मकरपुरा रोडवर ओएनजीसीचं मोठं कार्यालय आहे, कोयलीला १९६५ पासून रिफायनरी आहे, आणि आजूबाजूला सेवा पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंत्राटी कंपन्याही आहेत. नवीन माणसाच्या हातात लवकरच तेलविहिरीतल्या द्रवाची एक बाटली येते आणि वरिष्ठ म्हणतात, "ह्याचा वॉटर कट काढ." म्हणजे यात पाणी किती टक्के ते सांग. पुस्तकात ते एका ओळीचं गणित असतं. प्रत्यक्षात बाटलीत तेल, पाणी, दोघांचा चिकट गोळा, मेण आणि वाळू असते, आणि गॅस तर केव्हाच उडून गेलेला असतो. त्या बाटलीपासून "ही विहीर दिवसाला इतकं तेल, इतकं पाणी आणि इतका गॅस देते" या विधानापर्यंत कसं जायचं, ते इथे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नमुना चुकला तर प्रयोगशाळेतलं कोणतंही यंत्र तो दुरुस्त करत नाही. पैसा आणि वेळ कमी असेल तर महागड्या मीटरपेक्षा नीट घेतलेल्या चार नमुन्यांवर खर्च करा, असंच मी प्रत्येकाला सांगत आलो आहे.

आधी प्रश्न काय आहे ते विचारा

"विहिरीतल्या द्रवाची घडण सांगा" असं कोणी म्हटलं तर ते नेमकं काय मागताहेत हे विचारून घ्यायला लाजू नका. उत्पादन विभागाला बहुधा दोन आकडे हवे असतात. पहिला वॉटर कट, म्हणजे एकूण द्रवात पाणी किती टक्के. दुसरा जीओआर, म्हणजे एक घनमीटर तेलामागे किती घनमीटर गॅस. रिफायनरीकडे जाणाऱ्या तेलाची घनता, मीठ आणि गाळ पाहिला जातो. जलाशयाचा, म्हणजे खाली तेल साठलेल्या खडकाचा, अभ्यास करणाऱ्यांना याहून खोल हवं असतं. खाली खडकात, तिथल्या दाबात आणि तापमानात, ते मिश्रण कसं होतं हे त्यांना कळायला हवं.

हा शेवटचा फरक नव्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. खाली तेलात गॅस विरघळलेला असतो. वर येताना दाब उतरतो, गॅस सुटतो आणि तेल आकसतं. फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर, म्हणजे टाकीतलं एक घनमीटर तेल जलाशयात किती जागा व्यापत होतं तो आकडा, १.२ असेल तर जलाशयातलं एक घनमीटर तेल टाकीत साधारण ०.८३ घनमीटर भरतं. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या परिस्थितीतला आहे हे लिहायचंच. गॅसचं माप १५ अंश सेल्सिअस आणि एका वातावरणाच्या दाबाला आणलेलं आहे की नाही, तेही लिहायचं.

आपल्या भागात या कामाला एवढं महत्त्व का, ते क्षेत्रांचं वय पाहिलं की कळतं. खंभातजवळ लुणेजला १९५८ मध्ये आणि अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं. साठ-साठ वर्षं तेल देणाऱ्या क्षेत्रांत पाण्याचा वाटा वाढत जातो. उत्तरेला मेहसाण्याकडे बालोल आणि संथालचं तेल जड आणि दाट. आणि पादरा तर आपल्या उंबऱ्यावरच आहे. तिथे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून तेल मिळालं आहे, म्हणजे सह्याद्री ज्या बेसॉल्टचा बनलाय त्याच कुळातल्या खडकातून. मला ही गोष्ट आजही फार विलक्षण वाटते. एवढ्या वेगवेगळ्या तऱ्हांच्या विहिरींना एकच ठोकळेबाज पद्धत लावून भागत नाही.

पहिली पायरी: विहिरीची कुंडली मांडा

बाटली उचलण्याआधी रजिस्टर उघडा. विहीर स्वतःच्या दाबावर वाहते आहे, गॅस लिफ्टवर (वरून गॅस सोडून द्रव उचलणं) आहे की सकर रॉड पंपावर (सळईने वरखाली चालणारा पंप)? चोक, म्हणजे प्रवाह आवळणारं विहिरीच्या तोंडाचं छिद्र, किती मिलिमीटरचा आहे, आणि गेल्या दोन दिवसांत बदललाय का? ट्युबिंगचा (द्रव वर आणणाऱ्या आतल्या नळीचा) आणि केसिंगचा (बाहेरच्या नळीचा) दाब किती? तेल ढकलायला शेजारच्या विहिरींत पाणी भरलं जातंय का (इंजेक्शन)? शेवटचं वर्कओव्हर, म्हणजे विहिरीची दुरुस्ती, कधी झालं?

शेवटचा प्रश्न विसरू नका. वर्कओव्हरच्या वेळी विहिरीत मिठाचं पाणी भरलेलं असतं, पुष्कळदा पोटॅशियम क्लोराइडचं. विहीर चालू झाल्यावर आधी तेच पाणी परत येतं. तेव्हा नमुना घेतला तर "विहिरीला पाणी लागलं" अशी ओरड होते आणि ते पाणी आपणच आत घातलेलं असतं. नमुन्यात पोटॅशियम अनपेक्षित जास्त दिसलं तर आधी वर्कओव्हरची तारीख पाहा.

दुसरी पायरी: नमुना

इथे घाई नको.

आधी जीव सांभाळायचा. हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असं मुळीच नाही. तो हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि वेलहेडच्या सेलरमध्ये (विहिरीच्या तोंडाभोवतीच्या खोलगट जागेत) साचतो. अंगावर डिटेक्टर हवा. वारा पाठीवर घेऊन उभं राहा, सोबत दुसरा माणूस ठेवा आणि मोबाइल गाडीतच राहू द्या. धातूचं भांडं वापरत असाल तर ते लाइनला तारेने जोडून घ्या, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही.

आता जागा. आडव्या फ्लोलाइनमध्ये (विहिरीतून द्रव नेणाऱ्या पाइपात) पाणी तळाशी आणि तेल वर सरकतं. तळाच्या नळीतून घेतलेला नमुना पाणी जास्त दाखवेल, वरच्या नळीतून घेतलेला तेल. म्हणून शक्यतो उभ्या पाइपमधून, चोकनंतर जिथे सगळं घुसळून निघतं तिथून घ्या. नमुन्याची नळी भिंतीशीच संपत असेल तर भिंतीलगतचाच द्रव मिळतो. नळीचं टोक पाइपच्या मध्यापर्यंत गेलेलं असलं तर उत्तम.

नीडल व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिली चिळकांडी येते ती नळीत अडकून राहिलेल्या जुन्या द्रवाची. ती काळपट असते, कधी त्यात गंज असतो, कधी नुसतं पाणी. नळीत जेवढं मावतं त्याच्या निदान तिप्पट द्रव वाहून जाऊ द्या, मग बाटली लावा. व्हॉल्व्ह एकदम उघडून फवारा काढू नका. त्याने तेल-पाणी आणखी घुसळतं आणि जे इमल्शन (तेल-पाण्याचा चिकट गोळा) विहिरीत नव्हतं ते बाटलीत तयार होतं.

बाटली भरताना फेस चढतो. फेस बसला की बाटली अर्धीच भरल्याचं दिसतं आणि वरून आणखी भरायचा मोह होतो. भरा, पण आधीचं काही ओतून टाकून नव्हे. तळाशी जमलेलं पाणी "हे तर मोकळं पाणी" म्हणून काढून टाकणारे मी पाहिले आहेत. नमुन्यातलं तेच सर्वांत मोलाचं असतं. काचेची बाटली काठोकाठ भरायची नाही. बडोद्याच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ती तापते आणि झाकण उडतं. दाबाखालच्या सिलिंडरमध्ये द्रव घेतलात तर त्यातही फुगायला जागा सोडावीच लागते.

एका नमुन्यावर कधीच विसंबू नका. विहीर सारखी वाहत नाही. विशेषतः गॅस लिफ्टच्या विहिरीत आधी गॅसचा लोट येतो, मग द्रवाचा गोळा, मग पुन्हा गॅस. एका क्षणी घेतलेल्या बाटलीत ३० टक्के पाणी दिसेल, दहा मिनिटांनी घेतलेल्या बाटलीत ८०. ठरावीक अंतराने सहा-आठ नमुने घ्या, प्रत्येकाचा वॉटर कट वेगळा लिहा आणि मग सरासरी काढा. सगळे एका कॅनमध्ये ओतून एकच आकडा काढला तर चढउतार दिसत नाही, आणि विहिरीच्या वागण्याबद्दल खरं काय ते त्या चढउतारातूनच कळतं.

शिफ्टवरच्या जुन्या ऑपरेटरशी दोन शब्द बोला. "काका, ही विहीर कधी उसळते?" असं विचारलंत तर पुस्तकात न मिळणारं उत्तर मिळतं. बाटलीवर विहिरीचं नाव, तारीख, वेळ, जागा, दाब, तापमान आणि नमुना घेणाऱ्याचं नाव तिथेच लिहा. प्रयोगशाळेत गेल्यावर आठवून लिहीन म्हणालात की संपलं.

तिसरी पायरी: पाणी मोजणं

नमुन्यातलं पाणी दोन रूपांत असतं. काही आपोआप खाली बसतं, ते मोकळं पाणी. उरलेलं बारीक थेंबांच्या रूपात तेलात अडकून असतं, ते इमल्शन. दोन्ही वेगवेगळी मोजून मग बेरीज करायची.

समजा एक लिटर नमुना घेतला. तो कोमट करून मोजपात्रात शांत उभा ठेवला आणि ४३० मिलिलिटर पाणी खाली बसलं. वर ५७० मिलिलिटर तपकिरी, दाटसर द्रव उरला. तो तेलासारखा दिसतो पण तेल नाही. नुसत्या ४३ टक्क्यांवर थांबलात तर त्या विहिरीचं तेल फुगवून सांगितलं जाईल.

वरचा थर नीट ढवळून त्यातलं ५० मिलिलिटर डीन-स्टार्कच्या फ्लास्कमध्ये घ्या, टोल्युइन किंवा झायलीन घाला, उसळू नये म्हणून काचेचे मणी टाका आणि इलेक्ट्रिक मँटलवर हळूहळू तापवा. उघडी ज्योत नको. पाण्याची वाफ कंडेन्सरमध्ये थंड होते आणि थेंब ट्रॅपमध्ये, म्हणजे मापाच्या रेघा असलेल्या नळीत, उतरतात. पहिल्या वीस मिनिटांत पातळी भराभर चढते, मग मंदावते. कंडेन्सरच्या आतल्या भिंतीला शेवटचे थेंब चिकटून राहतात. ते तारेने किंवा सॉल्व्हंटने खाली पाडल्याशिवाय वाचन घ्यायचं नाही. पातळी पुढे हलेनाशी झाली आणि ट्रॅपमध्ये १७ मिलिलिटर दिसलं, तर त्या थरात ३४ टक्के पाणी. म्हणजे ५७० मधलं १९४ मिलिलिटर. एकूण पाणी ४३० अधिक १९४, म्हणजे ६२४. वॉटर कट ६२.४ टक्के.

पाणी थोडं असेल, म्हणजे दोनचार टक्क्यांपर्यंत, तर सेंट्रिफ्यूज बरं आणि झटपट. रूढ पद्धत अशी: शंभर मिलिलिटरच्या दोन निमुळत्या नळ्या, प्रत्येकीत ५० मिलिलिटर तेल आणि ५० मिलिलिटर पाण्याने संपृक्त केलेलं टोल्युइन, ६० अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटं फिरवायचं. दोन्ही नळ्यांच्या तळाचं पाणी आणि गाळ यांची बेरीज हीच टक्केवारी, कारण दोन्ही मिळून शंभर मिलिलिटर तेल झालं. टोल्युइन आधी पाण्याने संपृक्त केलं नाही तर ते नमुन्यातलंच थोडं पाणी पिऊन टाकतं. या नळीच्या टोकाशी ०.०५ मिलिलिटरच्या बारीक रेघा असतात, पण वर जाताना त्या विरळ होत जातात. म्हणून जास्त पाण्याच्या इमल्शनला ही नळी लावली तर वाचन अंदाजपंचे होतं.

गुजरातच्या अनेक तेलांत मेण असतं. हिवाळ्याच्या सकाळी, डिसेंबर-जानेवारीत, नमुना थिजलेला मिळतो. पुरेसा न तापवता फिरवला तर तळाशी मेणाचा पांढुरका थर बसतो आणि तो गाळ म्हणून मोजला जातो. तापवून पुन्हा फिरवा. थर नाहीसा झाला तर ते मेण होतं. इमल्शन फुटत नसेल तर डिमल्सिफायरचे (इमल्शन फोडणाऱ्या रसायनाचे) थेंब घाला, पण किती घातले ते लिहा. काही रसायनं जास्त झाली की उलट इमल्शन घट्ट करतात.

चौथी पायरी: पाणी कुठलं?

पाणी किती हे कळलं. आता ते कुठून आलं ते पाहायचं. क्लोराइड मोजणं हा त्याचा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग. पाणी गाळून घ्या, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाका, पिवळं होईल. ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडत जा. पांढरा साका पडत जातो आणि एका थेंबाला रंग विटकरी होऊन तसाच टिकतो, तिथे थांबा. नवीन माणूस हमखास दोन थेंब पुढे जातो, म्हणून बाजूला एक कोरा नमुना तुलनेला ठेवा. पाण्यात सल्फाइड असेल तर साका काळसर होतो आणि रंग कळत नाही. ते आधी काढून टाकावं लागतं. क्लोराइडला १.६५ ने गुणलं की मिठाच्या हिशेबातली क्षारता मिळते.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. जलाशयाच्या पाण्यात लिटरला १२,००० मिलिग्रॅम क्लोराइड, भरलेल्या पाण्यात १,०००, आणि विहिरीच्या पाण्यात ७,०००. मग जलाशयाच्या पाण्याचा वाटा ७,००० वजा १,०००, भागिले १२,००० वजा १,०००. साधारण ५५ टक्के. बाकीचं पाणी इंजेक्शनच्या विहिरीतून आपल्यापर्यंत पोचलंय. जलाशय अभियंत्यासाठी ही बातमी वॉटर कटपेक्षा मोठी असते.

गॅसच्या विहिरीत पाणी अगदी गोडं निघालं तर ते बहुधा गॅसमधली वाफ थंड होऊन झालेलं पाणी असतं. तीच क्षारता चढायला लागली की खालून खरं पाणी वर येतंय असं समजा.

पाचवी पायरी: टेस्ट सेपरेटर

बाटलीतून प्रमाण कळतं, राशी कळत नाही. ती ग्रुप गॅदरिंग स्टेशनवरच्या, म्हणजे जीजीएसवरच्या टेस्ट सेपरेटरमधून मिळते. तिथे अनेक विहिरींचा द्रव येतो, आणि ही टाकी एका वेळी एका विहिरीचा गॅस आणि द्रव वेगळा करून मोजते. विहीर टेस्ट हेडरवर (सेपरेटरकडे जाणाऱ्या लाइनवर) वळवल्याबरोबर घड्याळ सुरू करू नका. आधीच्या विहिरीचा द्रव लाइनमध्ये असतो. सेपरेटरची पातळी आणि दाब स्थिरावू द्या, मगच मोजणी. चोवीस तासांची चाचणी सर्वांत चांगली. आठ तासांचीच मुभा मिळाली तर तसं स्पष्ट लिहा.

आता पूर्ण हिशेब करून पाहू. आठ तासांत १८ घनमीटर द्रव, म्हणजे दिवसाला ५४. सरासरी वॉटर कट ६२ टक्के. तेल ५४ गुणिले ०.३८, म्हणजे साडेवीस घनमीटर, पाणी साडेतेहतीस. गॅस मीटरवर दिवसाला ६,४०० घनमीटर. ६,४०० ला साडेवीसने भागलं तर ३१२ येतं आणि बघणारा दचकतो. पण ही विहीर गॅस लिफ्टवर आहे आणि दिवसाला ४,२०० घनमीटर गॅस आपणच वरून सोडतोय. तो वजा करा. उरले २,२००. जीओआर १०७.

या वजाबाकीत एक खाच आहे. दोन्ही मीटर तीन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे असले तर चूक साधारण २३० घनमीटरची होते. ६,४०० पुढे ती काहीच नाही, पण २,२०० पुढे ती दहा टक्क्यांहून जास्त आहे. म्हणून गॅस लिफ्टच्या विहिरीचा जीओआर "१०७.३" असा दशांशात लिहिणं मला पटत नाही. "सुमारे १०५ ते ११०" असं लिहिणंही धाडसाचंच. "९५ ते १२०" हे खरं बोलणं.

पंपाच्या विहिरीत वेगळीच गंमत असते. गॅसचा मोठा भाग ट्युबिंगमधून न येता केसिंगच्या पोकळीतून वर येतो. ती लाइन सेपरेटरला जोडलेली नसेल तर जीओआर खोटाच कमी दिसेल. केसिंगचा गॅस वेगळा मोजा.

गॅस ऑरिफिस मीटरने (पाइपात भोक असलेली प्लेट बसवून) मोजला जात असेल तर त्यात गॅसची सापेक्ष घनता घालावी लागते. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं जुनाच आकडा चालू असतो. मीटरमध्ये ०.६५ भरलेली आणि खरी ०.८० असेल, तर गॅस सुमारे ११ टक्के जास्त दाखवला जातो. प्लेटची धार बोथट झालीय का, प्लेट उलटी बसलीय का, हेही एकदा विचारा. शिवाय सेपरेटरमधून टाकीत गेलेल्या तेलातून आणखी थोडा गॅस सुटतो. एकूण जीओआर हवा असेल तर तो धरावा लागतो.

वॉटर कट मीटर लावलेला असेल तर त्याचा स्वभाव ओळखा. कपॅसिटन्सवर चालणारा मीटर तेलात पाण्याचे थेंब असेतोवर छान सांगतो. पाणी वाढून उलट झालं, म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब झाले, की त्याचं वाचन निरुपयोगी ठरतं. आपल्या जुन्या क्षेत्रांतल्या अनेक विहिरी नेमक्या याच पट्ट्यात असतात.

सहावी पायरी: तेल आणि गॅस यांची ओळख

तेलाची घनता हायड्रोमीटरने घेऊन १५ अंशांवर आणा. नमुन्यात पाणी राहिलं तर घनता खोटी जड येते, म्हणून पाणी काढूनच मोजा. एपीआय (तेल किती हलकं ते सांगणारा आकडा) हवी असेल तर १४१.५ ला सापेक्ष घनतेने भागून १३१.५ वजा करा. ०.८४ ला ३७ येते.

गॅसचा नमुना सेपरेटरवरून रिकाम्या, निर्वात केलेल्या सिलिंडरमध्ये घ्या आणि गॅस क्रोमॅटोग्राफला द्या. मिथेनपासून हेक्झेन आणि त्यापुढचे घटक, सोबत नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, अशी यादी मिळते. त्यात ऑक्सिजन दिसला तर बहुतेक वेळा सिलिंडरमध्ये हवा शिरलेली असते. नमुना पुन्हा घ्या. मात्र बालोल-संथालकडे हा नियम डोळे मिटून लावू नका. तिथलं दाट तेल पातळ करायला जमिनीखाली हवा सोडून तेलाचाच थोडा भाग जाळण्याची पद्धत वापरली गेली आहे. अशा ठिकाणी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड खरोखरच विहिरीतून येतात आणि ज्वलन कसं चाललंय ते त्यांच्यावरूनच समजतं. ऑक्सिजन आला तर ती धोक्याची सूचना, लगेच वर कळवा.

सातवी पायरी: दुसऱ्या वाटेने पडताळा

एकाच पद्धतीने काढलेला आकडा मी अर्धाच खरा धरतो. विहिरीत प्रेशर गेज उतरवून ग्रेडियंट, म्हणजे खोलीबरोबर दाब किती वाढतो ते, घेतला असेल तर तो मागून घ्या. उभ्या खोलीत १०० मीटरला ९.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका फरक पडला, म्हणजे तिथल्या मिश्रणाची घनता ०.९२. तेल ०.८४, पाणी १.०१ आणि मोकळा गॅस नाही असं धरलं तर पाण्याचा वाटा ०.०८ भागिले ०.१७, म्हणजे ४७ टक्के. खाली जिथे मोकळा गॅस नसतो अशाच खोलीवर हे गणित चालतं. तेल-पाण्याची घनताही त्या खोलीच्या तापमानाला आणि दाबाला आणून घ्यावी लागते.

हा वाटा आणि वॉटर कट एक नव्हेत. पाणी जड, ते तेलापेक्षा सावकाश वर चढतं, म्हणून पाइपात ते जास्त साठून दिसतं. रस्त्याचा फोटो काढला तर बैलगाड्या जास्त दिसतात, दिवसभरात नाक्यावरून मोटारी जास्त गेल्या असल्या तरी. त्यामुळे ग्रेडियंटचा वाटा वॉटर कटपेक्षा थोडा जास्त आला तर ठीक. खूपच कमी आला, जसा इथे ६२ पुढे ४७ आला, तर कुठेतरी गडबड आहे. गॅस धरायचा राहिला, की नमुने पाण्याच्या बाजूला झुकले? पुन्हा फील्डवर जा.

दुसरा पडताळा स्टेशनचा. सगळ्या विहिरींच्या चाचण्यांची बेरीज दिवसाला ४१० घनमीटर तेल, आणि प्रत्यक्ष पाठवलं ३८५. मग सगळ्यांना ०.९४ ने गुणून हिशेब मिटवतात. कागदावर जुळतं, पण एका विहिरीची चूक सगळ्यांच्या डोक्यावर वाटली जाते. असा गुणक सतत घसरत असेल तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत जास्त पाण्याच्या विहिरी आधी तपासा.

जास्त पाण्याच्या का, ते पाहा. १०० घनमीटर द्रव, ९५ टक्के पाणी, म्हणजे ५ घनमीटर तेल. वॉटर कटमध्ये एकाच टक्क्याची चूक झाली तर तेल ४ किंवा ६. वीस टक्क्यांचा फरक! त्यापुढे ६२ टक्क्यांच्या विहिरीत दोन टक्के चुकलात तरी तेलात पाचच टक्के फरक पडतो.

जलाशयातलं मिश्रण हवं असेल तर

हे काम नवशिक्याने एकट्याने करायचं नाही, पण मदत करताना काय चाललंय ते कळायला हवं. एक मार्ग खालून नमुना आणण्याचा. तो विहीर नवी असताना, तळाचा दाब बबल पॉइंटच्या (ज्या दाबाखाली तेलातून गॅस सुटू लागतो त्याच्या) वर असतानाच घ्यावा. नंतर गॅस आणि तेल खालीच वेगळे झालेले असतात आणि सॅम्पलरमध्ये काय शिरेल ते सांगता येत नाही. दुसरा मार्ग सेपरेटरचं तेल आणि सेपरेटरचा गॅस एकाच वेळी, एकाच दाबाला घेऊन, सेपरेटरवर मोजलेल्या जीओआरच्या प्रमाणात प्रयोगशाळेत पुन्हा एकत्र करण्याचा. म्हणजे जीओआर चुकला तर अख्खं मिश्रण चुकलं. दोन्ही जमत नसेल तर सूत्रं आहेत. त्यातलं स्टँडिंगचं १९४७ चं सूत्र कॅलिफोर्नियाच्या तेलांवरून काढलेलं आहे. ते आपल्या तेलाला लावताना आधी आपल्याच क्षेत्रातल्या मोजलेल्या आकड्यांशी जुळवून पाहा.

रजिस्टरमध्ये काय लिहायचं

तेल, पाणी, गॅस यांच्या दैनिक राशी. वॉटर कट सरासरी, सोबत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त नमुना. जीओआर, त्यातून लिफ्टचा गॅस वजा केलाय की नाही. केसिंगचा गॅस धरलाय की नाही. चोक, दाब, तापमान, चाचणीचे तास. क्लोराइड. आणि प्रत्येक आकड्यापुढे तो किती इकडेतिकडे होऊ शकतो याचा तुमचा अंदाज. वरिष्ठांना एकच आकडा हवा असतो, तो द्या, पण पट्टाही लिहून ठेवा.

वॉटर कट एका चाचणीतून दुसऱ्या चाचणीत पाच टक्क्यांनी उडी मारत असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका. आधी चोक बदलला का ते पाहा, नमुन्याची जागा तीच आहे का ते पाहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घ्या. उडी टिकली आणि क्लोराइडही सरकलं, तर जलाशयाच्या माणसाला त्याच दिवशी फोन करा, महिन्याच्या अहवालाची वाट पाहू नका. शांत विहिरीची चाचणी महिन्यातून एकदा पुरते. वर्कओव्हरनंतरच्या, चोक बदललेल्या आणि ९० टक्क्यांच्या पुढे गेलेल्या विहिरींच्या चाचण्या मात्र याहून जवळजवळ ठेवा.